भिंतीवरची बाई

“हिले दुपारभर ठेव तुह्याजवळ,” म्हणत अंबूबाईनं नातीचा हात ताहेराच्या हातात दिला. डोक्यावर वांग्यांची पाटी, त्यात बाजाराची घाई. “रुखमा नाव हिचं. सहा वर्साची हाये. काल संग्रामपूरहून आणली, अन्...” पुढचं न बोलता अंबूबाईनं स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं.

“बोलत नाही?” ताहेरानं विचारलं.

“तूच पाह्य.”

“मंग माह्याकडं काऊन?”

“तुह्या घरी रंग हायेत, बाई. पोटातलं दुख तोंडातून नाही निंघालं, तं हातातून निंघते. अन् घरचं एक माणूस गप बसलं, का साऱ्यायचा जीव टांगणीले लागते. तुले सांगा लागते का?”

अंगणात कापडावर ठसे उठवणाऱ्या रहेमतुल्लानं मान वर केली नाही. ताहेराचा नवरा तो, अमडापुरातला छिपा. त्याच्या ठशांची नक्षी एकेकाळी ताहेरा काढायची. मानमोडीच्या तापात पाच वर्षांची लेक बिलकिस गेली आणि हिनं कुंचला जो ठेवला तो ठेवलाच. दोन वर्षं झाली, उंबऱ्याबाहेर पाऊल नाही. कामापुरतं हो-नाही, तेवढंच. रहेमतुल्ला जुन्याच नक्षीवर दिवस ढकलत होता.

आता ही मुकी पोर दारात! ताहेराला रागच आला, खोटं कशाला सांगा? पण तेवढंसं लेकरू ओठ घट्ट मिटून तिच्याकडं टुकूटुकू पाहत होतं. ताहेरा उठली, फळीवरची धूळ झटकली आणि गेरूचं मडकं खाली काढलं.

मागची भिंत तिनं पोरीला देऊन टाकली. रुखमानं आधी घर काढलं, मग बंद दार. दारापुढं एक बाई, बाईमागं दोरीवर वाळत घातलेलं कापड. बाईला डोळे होते, नाक होतं, बांगड्याही होत्या.

“अन् तोंड कुठं हाये हिचं?”

रुखमानं नुसती मान हलवली. पोरीनं स्वतःचंच चित्र काढलं होतं, आणखी काय! होळी झाली की हिचा बाप न्यायला येणार होता. त्याआधी हिला बोलती करायचीच, असं ताहेरानं मनाशी घेतलं.

मग काय विचारता! रुखमा रोज दुपारी येऊ लागली आणि ताहेरा एकटीच दोघींचं बोलू लागली. शेळी काढली की शेळीसारखी ओरडायची, कावळा काढला की कावळ्यासारखी. “म्हण बेटा, तुह्या खालासारखं, काव काव!” रुखमा ओठ दाबायची, लालेलाल व्हायची, पण तोंडातून ब्र नाही. एकदा शेजारच्या शेळीनं रहेमतुल्लाचं ओलं कापड ओढलं, तेव्हा तर पोरीनं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं.

“पाह्यलं का?” ताहेरा नवऱ्याला म्हणाली. “ओठापर्यंत आलं होतं!”

“हाव,” रहेमतुल्ला म्हणाला आणि खाली पाहून ठसा उठवू लागला. पोर रोज घरी निघाली की तो तिच्या मुठीत गुळाचा खडा ठेवायचा. किती माया लावून राह्यला हा, असं ताहेराला वाटायचं.

एके दिवशी रुखमानं भिंतीवर खुंटीवरचा झगा रंगवला. खुंटीवर होता तसाच, बाहीवर निळा डाग असलेला. काढला आणि ताहेराकडं बोट दाखवलं.

“माह्या बिलकिसचा हाये,” ताहेरा म्हणाली. दोन वर्षांत ते नाव तिनं घेतलं नव्हतं. मग ती थांबेचना. बिलकिसनं निळीच्या मडक्यात हात कसा घातला, बापाच्या पांढऱ्या टोपीवर पंजा कसा उठवला, सगळं सांगत सुटली. सांगता सांगता रडली, पोटभर रडली. रुखमानं गेरूच्या हातानं तिचे डोळे पुसले. त्या संध्याकाळी ताहेरानं नवा कुंचला बांधला.

होळीच्या आदल्या दिवशी रुखमानं भिंतीवर शेळी काढली. शेळीच्या तोंडात रहेमतुल्लाची दाढी होती, आणि दाढीमागं तोंड वासलेला रहेमतुल्ला.

ताहेरा हसली. आधी फिसकन, मग पोट धरून, मग भिंतीला टेकून. अंगणात रहेमतुल्लाच्या हातचा ठसा कापडावर वाकडा पडला. तो तिथंच मटकन बसला आणि बाहीनं डोळे पुसू लागला.

रुखमा धावत पहिल्या चित्रापाशी गेली. गेरूत बोट बुडवून तिनं त्या बाईला तोंड काढलं, या कानापासून त्या कानापर्यंत.

तेवढ्यात रिकामी पाटी घेऊन अंबूबाई आली.

“अंबूबाई, पाह्य, पाह्य!” ताहेरानं तिला हाताला धरून भिंतीपाशी ओढत नेलं. ताहेरा घामाघूम झाली होती, आनंदानं नुसती फुलली होती. “तोंड काढलं पोरीनं! बोलली नाही अजून, पण आता बोलतेच! तिच्या बापाले म्हण, चार दिस थांब. मी बोलती करतो हिले!”

अंबूबाई भिंतीकडं पाहीना. ती ताहेराकडंच पाहत राहिली, आणि तिचे डोळे भरून आले.

रुखमानं तिचा पदर ओढला.

“आजी, खाला हासली ना! आता तरी बोलू का मी?”