दीक्षाचे टाके

राजदीपची नसबंदी झाली, टाके पडले, आणि रिसालीतल्या घरी पोचताच ती झालीच नाही असं ठरलं. त्याच्या बायकोला, दीक्षाला, सासूबाईंनी पलंगावर निजवलं. “लोकं पोराले नामर्द म्हणतीन. ऑपरेशन तुयं झालं, समजली?” धडधाकट दीक्षा पोटाला पट्टी बांधून कण्हू लागली. शेजारणी पपई घेऊन आल्या, तेव्हा राजदीपने त्यांच्यादेखत भरलेलं सिलिंडर उचललं. “पाहा माह्या वाघाले!” सासूबाई म्हणाल्या. वाघ न्हाणीघरात जाऊन रडला. आठवड्याने तो शीळ घालत स्टील प्लांटमध्ये ड्यूटीवर गेला. दीक्षाने पट्टी सोडली, पण कळ गेली नाही. कोऱ्या कातडीखाली कोणीतरी दोरा ओढत होतं. हसलं की आणखी घट्ट. “कावून कण्हून राहिली? शेजारणी तं गेल्या,” राजदीप म्हणाला. दीक्षाने दवाखाना गाठला. “डॉक्टरसाहेब, माझ्या न झालेल्या ऑपरेशनचे टाके काढून मिळावेत, ही नम्र विनंती.”