काळी एक, लय संथ

“बाई, तुमचं यंत्र आळशी झालंय,” फिरत्या तबकडीकडे बघत दुरुस्तीवाला म्हणाला. “पट्टा सैल पडलाय. सगळी गाणी रेंगाळत वाजतायत. आणि हे आजकालचं नाही हो, चांगली आठ-दहा वर्षं झाली असणार.”

पट्टीबाईंनी हातातलं कार्ड खाली ठेवलं.

प्रत्येक जुनी रेकॉर्ड ऐकायची आणि तिची पट्टी, लय आणि भाव कार्डावर लिहायचा, हे त्यांचं काम. म्हणून ध्वनिसंग्रहात सगळे त्यांना पट्टीबाई म्हणत. म्हणजे पूर्वी म्हणत. आता तळमजल्यावरच्या त्या लांबलचक खोलीत त्या आणि दाराशी पेंगणारा शिपाई, एवढीच माणसं उरली होती. घरी तर तीही नव्हती.

दुरुस्तीवाल्यानं नवा पट्टा चढवला आणि हाताला लागली ती रेकॉर्ड लावून पाहिली. ती नेमकी दर गुरुवारी येणाऱ्या घड्याळकाकांची निघाली.

पियानोच्या साथीवर एका बाईनं गायलेलं गाणं. दाराकडे डोळे लावून बसलेल्या कुणाचं तरी. कार्डावर पट्टीबाईंच्याच टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: पट्टी काळी एक, लय संथ, भाव विरह. आता तेच गाणं वरच्या पट्टीत, काळी दोनमध्ये आलं आणि चांगलं थिरकायला लागलं. ही गाणारी वाट बघून थकलेली नव्हतीच. कोणीतरी येणार म्हणून तिचा पाय घरात ठरत नव्हता.

म्हणजे कार्ड चुकलं होतं. एक काय, शेकड्यांनी चुकली असणार. त्याचं बाईंना फारसं वाटलं नाही, खोडरबर होतं. त्यांना धास्ती वाटली ती काकांची.

आठ वर्षांपूर्वी घड्याळकाका पहिल्यांदा आले. घड्याळं दुरुस्त करण्यात हयात गेलेला माणूस, तब्येतीनं किडकिडीत, बोलणं मोजकं. “माझ्या बायकोनं गायलेली एक रेकॉर्ड तुमच्याकडे आहे म्हणे,” ते म्हणाले.

“या महिन्यात आलेले पहिलेच तुम्ही,” बाई म्हणाल्या आणि घाईघाईनं खुर्ची पुसायला लागल्या.

तेव्हापासून दर गुरुवारी चारला काका हजर. स्पीकरच्या लाकडी पेटीला खेटून बसायचे, पेटीवर तळवा टेकवायचे आणि बाईंच्या हाताकडे बघत राहायचे. एकदा शिपायानं त्यांच्या पाठीमागे लोखंडी स्टूल पाडलं. बाई ताडकन उठल्या, काकांची पापणीही हलली नाही. इतकी तंद्री! गाणं संपलं, बाईंनी सुई उचलली, की काका मान डोलवायचे. मग दोघं चहा घ्यायचे. काका समोर बसून त्यांच्या तोंडाकडे बघत सगळं ऐकून घ्यायचे, दुखरा गुडघा, गळका नळ, वरच्या मजल्यावरच्या साहेबांचा तोरा. बाई बुधवारीच साडीला इस्त्री करून ठेवत.

आणि या माणसाला आपण आठ वर्षं त्याची बायको रडवेली करून ऐकवली. आता खरी ऐकवावी, तर ती त्याला परकीच वाटायची. मग कशाला येईल तो?

“पट्टा पुन्हा थोडा सैल करता येईल का हो?” बाईंनी विचारलं.

“डोकं ठिकाणावर आहे ना बाई?” दुरुस्तीवाला म्हणाला. पण जाताना त्यानं वेग कमी करायचा स्क्रू दाखवला.

दोन गुरुवार बाईंनी तो स्क्रू गुपचूप मागे फिरवला. गाणं पूर्वीसारखं रेंगाळलं, काकांनी मान डोलवली, आणि बाईंचा चहा कपातच गार झाला. तिसऱ्या गुरुवारी त्यांनी मन घट्ट केलं.

“काका, आज नीट ऐका हं,” यंत्राकडे वळून त्या म्हणाल्या. काका काही बोलले नाहीत.

गाणं खरं वाजलं. नेहमीपेक्षा वीस सेकंद आधी संपलंही. बाईंचा हात सुईकडे जाईना. रेकॉर्ड नुसतीच खरखरत राहिली आणि काका पेटीवर तळवा ठेवून त्यांच्या हाताकडे बघत राहिले. शेवटी बाईंनी सुई उचलली.

काकांनी मान डोलवली. “छान. नेहमीसारखंच.”

घड्याळजीला वीस सेकंद कळणार नाहीत? आपल्याला वाईट वाटू नये म्हणून बिचारा खोटं बोलतोय, हे बाईंनी ओळखलं.

“आज चेहरा उतरलाय तुमचा,” काका म्हणाले.

“कुठे काय. गुडघा, दुसरं काय.”

पुढच्या गुरुवारी काका आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. दोन्ही दिवशी बाईंनी काढून ठेवलेला दुसरा कप तसाच उचलून ठेवला. खऱ्याचा हट्ट धरून आपण हातचं एकुलतं एक माणूस घालवलं, असं त्यांनी स्वतःला ऐकवलं. घरी गेल्यावर त्या मनसोक्त रडल्या.

तिसऱ्या गुरुवारी, चारला, दारात एक मध्यमवयीन बाई उभी राहिली.

“गुरुवारच्या बाई तुम्हीच ना? मी घड्याळवाल्यांची मुलगी. बाबा पायरीवरून घसरले, पाय प्लास्टरमध्ये आहे. ‘त्यांना निरोप दे, त्या वाट बघत असतील,’ म्हणून रोज माझ्या मागे लागलेत.”

पट्टीबाईंनी तिला खुर्ची पुढे केली. “रागावले नाहीत ना ते? खरं सांगा. मी गाण्याचा वेग बदलला. त्यांना तुमच्या आईचा आवाज ओळखू आला नसेल, म्हणून ते...”



“आवाज? अहो बाई, बाबा ठार बहिरे आहेत. आई होती तेव्हापासूनच. समोरच्याच्या ओठांवरून ओळखतात सगळं. रेकॉर्ड नीट जपलीय ना, एवढंच बघायला ते पहिल्यांदा इथे आले होते.”

“मग दर गुरुवारी...?”

“मीही तेच विचारते, या वयात एवढी दगदग कशाला? तर म्हणतात, ‘तिथे एक बाई आहेत गं, त्यांच्याकडे कोणीच येत नाही.’”