कोब्याखालचं गाडगं

पहारीचा आवाज एकदम बदलला. भुजंग मिस्त्री थांबला. स्वयंपाकघराच्या त्या कोपऱ्यात त्यानं हातानं माती बाजूला केली आणि तसाच मागं सरकला.

"वहिनी, जरा बघा इकडं."

कोब्याच्या ढलप्यांखाली एक लहान गाडगं होतं. तोंडाला बांधलेलं फडकं हळदीनं पिवळं पडलं होतं. फडक्याच्या गाठीत एक सुपारी होती.

सत्यशीला दारातच उभी राहिली. घर उणंपुरं दोन वर्षांचं. जिंतूर रोडवरच्या वसाहतीतली एकसारखी चाळीस घरं, त्यातलं हे सतरावं. ठेकेदारानं दिलेला खरबरीत कोबा, सिमेंटचा ओटा, बोटाला लागणारा चुना. आता मोझॅकची फरशी बसणार होती, ओट्यावर कडप्पा, भिंतींना आकाशी डिस्टेंपर. कोबा पायाला टोचतो, बाळ रांगायला लागलं की गुडघे सोलतील, असं तिनं नवऱ्याला, दत्तरावांना, सांगितलं होतं. सुरुवात स्वयंपाकघरापासून करा, असंही तीच म्हणाली होती. का, ते मात्र सांगितलं नव्हतं.

या कोपऱ्याची तिला भीती वाटायची. आठ महिन्यांचं बाळ दुपारी दुसरीकडं कुठं झोपतच नसे. झोळीत रडायचं, पलंगावर रडायचं. इथं गोधडी टाकली की गप्प. भिंतीकडं बघून हसायचं. जवळ कुणीतरी वाकून बोलत असावं, तसं मान वळवून ऐकायचं.

आज सकाळी ती गोधडी उचलली, तेव्हापासून ते आजीच्या कडेवर रडत होतं.

"भानामती हाय ही," सासूबाई, चांगुणाबाई, म्हणाल्या. "मला आल्या दिवशीच वाटलं होतं. नदीत टाका ते. अन् दिवस बुडायच्या आत आपण हे घर सोडायचं."

गावातलं त्यांचं घर अठ्ठ्याहत्तर साली नामांतराच्या दंगलीत जाळलं होतं. तेव्हापासून कुठल्याच घरावर त्यांचा भरवसा नव्हता.

"आत्याबाई, आपण असलं मानत न्हाई."

"मानत न्हाईस, मग दारातच का उभी हायेस?"

सत्यशीला उंबरा ओलांडून आत आली.

"अन् बारशाच्या दिवशी तुझ्या तोंडून ते नाव कसं आलं? सांग की. कुणी बोलायला लावलं?"

त्या दिवशी सगळं ठरलेलं होतं. बुद्धवंदना झाली. नणंद बाळाच्या कानाशी वाकली, प्रबोध म्हणायला. तेवढ्यात सत्यशीलाच भलतंच, महादेवाचं नाव बोलून गेली. ना त्यांच्यात तसं नाव, ना तिच्या माहेरी. बौद्धाच्या घरात तर कुणी ठेवलंच नसतं. बायका हसल्या. चांगुणाबाई हसल्या नाहीत. बाळ प्रबोधच झालं आणि ते दुसरं नाव त्यांनी घरात पुन्हा उच्चारू दिलं नाही.

मिस्त्री गाडग्याला हात लावायला तयार नव्हता. "माजी बी लेकरं हाईत, मावशी," तो म्हणाला आणि बाहेर ओरडला, "कडूबाई, रिकामं घमेलं आण!"

रेती चाळणारी बाई आत आली. मिस्त्रीनं तिला आजच नाक्यावरून आणलं होतं. चाळिशीची वाटावी अशी, पण असेल तिशीचीच. सकाळपासून ती उंबऱ्याच्या आत आली नव्हती. चहासुद्धा बाहेरच घेतला होता.

तिनं गाडगं बघितलं. घमेलं खाली ठेवलं.

"टाकू नका, माय. करणी न्हाई ही. माज्या लेकराची वार हाय."

मिस्त्रीनं पहार भिंतीला टेकवली. बाळ रडतच होतं.

"भिंती माज्या खांद्याएवढ्या होत्या तवा," कडूबाई म्हणाली. "वर छत न्हाई. विटा वाहता वाहता कळा सुरू झाल्या. हितंच झालं, वार बी हितंच पुरली. दुपारी ह्याच कोपऱ्यात सावली राहायची, म्हणून हितंच निजवायची."

"मग आता कुठंय लेकरू?" सत्यशीलानं विचारलं. विचारतानाच तिला कळलं होतं.

"अकराव्या दिवशी गेलं. त्याला ओढ्याकाठी ठिवलं. दुसऱ्या दिवशी बारसं करायचं होतं, तर त्या दिवशी हा कोबा टाकला. घमेली मीच दिली."

"नावाबिगरच गेलं म्हणायचं," चांगुणाबाई हळू आवाजात म्हणाल्या.

"मी ठिवलं होतं की मनात. कुणाला सांगितलं न्हाई. रोज हितं वाकून त्याच्या कानात म्हणायची तेवढं."

चांगुणाबाईंनी खाली बघितलं. मग फुटक्या कोब्यावर बसून त्यांनी पदराच्या टोकानं गाडग्यावरची धूळ पुसली. "राहू दे रे हे हितंच," त्या मिस्त्रीला म्हणाल्या. "वरून फरशी घाल." घर सोडायचं त्या पुन्हा बोलल्या नाहीत.

बाळाचा आवाज आता बसत चालला होता. चांगुणाबाईंच्या मांडीवर ते धनुकलीसारखं अंग ताणत होतं, दोन्ही हात कोपऱ्याकडं. सत्यशीलानं त्याला उचललं. थोपटलं. छातीशी धरलं. उपयोग नव्हता.

"द्या बरं जरा," कडूबाई म्हणाली. तिनं बादलीत हात धुतले, लुगड्याला पुसले.

सत्यशीलानं क्षणभर घट्ट धरलं. मग दिलं.

कडूबाई उकरलेल्या कोपऱ्यात मांडी घालून बसली. तिला या घरातलं कुणाचंच नाव ठाऊक नव्हतं. आत येईपर्यंत तिनं बाळाला बघितलंही नव्हतं. जुन्या सवयीनं ती वाकली, ओठ त्याच्या कानाला लावले. बाळ गप्प झालं. मान वळवून ऐकू लागलं.

"उगी, नागनाथा, उगी. आली बग माय."