दुसऱ्या यादीचा विजेता

देवरामशेठनी खुर्चीच्या डाव्या हाताला दोन पहारी ठेवून घेतल्या, उजव्या हाताला पानाचा डबा, आणि मगच ते बसले. पहारींमागे दोन मजूर उकिडवे बसले. सामना चारला होता. साडेतीन झाले होते.

"शेठ, पहारी नंतर आणल्या असत्या तरी चाललं असतं," रमेश म्हणाला. तो कॉलेजच्या बास्केटबॉल संघाचा कॅप्टन. सकाळपासून त्याच्या घशाखाली पाणी उतरलं नव्हतं.

"मी शब्दाचा माणूस आहे, बेटा. जिंकलात तर मैदान तुमचं. हरलात तर खांब उपटून इथं केळीची वखार. प्रिन्सिपलसमोर बोललोय."

जमीन शेठची होती. खांब मात्र पोरांनी रोवले होते. फोपनारहून बैलगाडीत आणलेले सागाचे दोन ओंडके, आणि लोहाराने पिंपाच्या कड्या काढून ठोकलेल्या रिंगा. एक खांब तापीकडे जरासा कलला होता. पोरांचा जीव त्याच्यावरच जास्त, कारण त्यात बॉल टाकणं सोपं जाई.

हंगाम तसा त्रांगड्याचाच गेला. छप्पन सालच्या ऑगस्टात पहिला सामना खेळले तेव्हा प्रांताची राजधानी नागपूर होती. नोव्हेंबरात उठून पाहतात तर भोपाळ. बऱ्हाणपूर जागचं हललं नव्हतं, कागद हलले होते. कॉलेजचे हेडक्लार्क नंदकुमारबाबू या धांदलीत प्रत्येक अर्ज दोनदा पाठवत, एक नागपूरला, एक भोपाळला. कुठल्या साहेबाची खुर्ची टिकेल, काय सांगावं? मुलीच्या लग्नाची रजाही त्यांनी अशीच मागितली. ती दोनदा मंजूर झाली. त्यांनी दोनदा घेतली.

संघाचं काम सोपं होतं. पत्र आलं की जायचं, खेळायचं, जिंकून यायचं. खंडव्याला सप्टेंबरात हरवलं, डिसेंबरात पुन्हा हरवलं.

"त्यांनाच दोनदा का, बाबू?" रमेशने विचारलं होतं.

"नवं सरकार आहे. नीट तपासून घेतंय."

जानेवारीत शेवटचं पत्र आलं. नागपूरच्या जुन्या क्रीडा समितीची संघांची एक यादी, भोपाळच्या नव्या समितीची दुसरी. दोन्ही याद्यांच्या विजेत्यांची गाठ बऱ्हाणपुरात, आणि कप एकच. सामना कुठे घ्यायचा यावर दोन्ही समित्यांचं एका मिनिटात जमलं, हा सगळ्यांना शुभशकुन वाटला.

"आपण कुठल्या यादीत, बाबू?"

"जिंकलेल्या."

"आणि समोर कोण?"

"तेही जिंकलेलेच." बाबू फायलीत डोकं घालून बसले ते वर बघेनात.

शेवटी रमेशने भिकनला टेहळणीला खंडव्याला धाडलं, जंक्शनवर सगळ्या संघांची खबर मिळते म्हणून. भिकन राखीव खेळाडू. आजवर मैदानात उतरलाच नव्हता, त्यामुळे ओळखणार कोण? तो स्टेशनातल्या टपरीवर चार चहा पिऊन परत आला.

"तिथली पोरं फायनलचीच गोष्ट करत होती, भाऊ. म्हणे फायनलला जो संघ आहे तो एकदम आडदांड. एक जण दिसायला गोगलगाय, पण कोपर असं मारतो की नंतर बरगड्या मोजून घ्याव्या. आणि कॅप्टन म्हणे तिरसट. कोणाला बोलूच देत नाही."

"नाव काय संघाचं?"

"विचारलं असतं तर शक आला असता ना."

"तिरसट कॅप्टनचा संघ टिकत नसतो," रमेश म्हणाला.

"पण भाऊ, ते तर..."

"मधे बोलू नको. भाईदास, तो कोपरवाला तुझा."

निंबोल्याचा भाईदास बोलायला लाजे. त्याने कोपर चोळत मान हलवली. "त्याले मी पाहून घेतो."

आता चार वाजले. टेबलाशी दोन्ही समित्यांचे दोन साहेब बसले होते, एक नागपूरचे, एक भोपाळचे. दोघांसमोर एकेक बंद लिफाफा होता आणि दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. खंडव्याची गाडी दोनलाच येऊन गेली होती. फाटकावर उभ्या भिकनने लांबूनच हात हलवला. कोणी नाही.

"दहा मिनिटं थांबू," रेफरी म्हणाला.

रमेशने कललेल्या खांबाला पाठ टेकली. यायलाच नको त्यांनी, त्याच्या मनात आलं, आणि त्याची त्यालाच लाज वाटली. तरी त्याने पुन्हा तेच मागितलं.

"रेफरीसाहब," शेठनी विचारलं, "न येणारा हरला, असंच ना?"

"नियम आहे, शेठ."

"ठीक. हरला तो हरला. खेळून हरो की घरी बसून."

पाच मिनिटं. सात. रस्त्यावर एक टांगा थांबला. भाईदासने बाह्या वर केल्या. टांग्यातून प्रिन्सिपलच्या पत्नी सुलभाबाई हार घेऊन उतरल्या.

दहा मिनिटं झाली. शिट्टी वाजली. नागपूरच्या साहेबांनी लिफाफा फोडला.

"जुन्या यादीचा विजेता, बऱ्हाणपूर. हजर. विजयी."

पोरांनी भाईदासला खांद्यावर घेतलं. सुलभाबाईंनी रमेशच्या गळ्यात हार घातला. शेठनी मजुरांना खूण केली, तसे ते पहारी उचलून घरी निघाले. रमेशने दिवसातला पाण्याचा पहिला ग्लास तोंडाला लावला.

भोपाळच्या साहेबांनी आपला लिफाफा फोडला. वाचला. चष्मा पुसला. पुन्हा वाचला. नंदकुमारबाबू उठून टांग्याकडे चालू लागले.

"नव्या यादीचा विजेता," साहेब म्हणाले, "बऱ्हाणपूर." त्यांनी मैदानावर एक नजर फिरवली आणि कागदावर नीट अक्षरात लिहिलं. "गैरहजर. पराभूत."

देवरामशेठनी थोडा विचार केला, पान थुंकलं आणि मजुरांना परत बोलावलं. एकाच्या हातातली पहार त्यांनी काढून घेतली आणि खुर्चीखाली ठेवली. दुसऱ्याच्या हातात राहू दिली.

"बोल कॅप्टन," ते म्हणाले, "कुठला उपटू?"