नमुन्याची कोंबडी

जाळीची पिशवी घेऊन तपासणीवाला आमच्या शेडभर धावत होता आणि कोंबड्या त्याच्या पायांतून निसटत होत्या. दिलेलं औषध मांसात उरलंय का, ते कापून बघायला त्याला एक कोंबडी न्यायची होती.

"हसतेस काय? शाळा सोडलीस म्हणे. हे तरी जमतं का?" तो धापा टाकत म्हणाला.

माझं डोकं सटकलं. मी खाली बसले आणि "तीऽ तीऽ" केलं. सगळ्यांतून एकटी लंगडी आली. येणारच. दिवसभर शेडमध्ये मी बोलायचे ते फक्त तिच्याशी. ती सरळ माझ्या मांडीवर चढली.

त्यानं तिला वरच्यावर उचललं.

"ओ काका, ही नको! दुसरी देते पकडून."

"हातातली सोडून दुसरी कशाला?" पिशवीची दोरी आवळत तो म्हणाला. "छान शिकवलीस की!"

आठवड्यानं रिपोर्ट आला. मांसात काहीच सापडलं नाही. बाबांनी खुशीत पेढा दिला, मी तो खाल्ला नाही.

आता नवीन पिल्लं आलीत. खाद्य टाकताना मी तोंडातून आवाज काढत नाही. एखादं माझ्याकडे आलंच, तर पाय आपटून पळवते.