मेथीच्या चार जुड्या

समता बाजारात पोचली तेव्हा तिच्या आईच्या जागेवर मेथीच्या चार जुड्या मांडलेल्या होत्या. खाली आईचंच पोतं, चार कोपऱ्यांवर आईचेच चार दगड. आईला जाऊन नऊ दिवस झाले होते.

"रोज मांडते मी," शेजारच्या जागेवरून फातिमा म्हणाली. "जागा खाली दिसली का गेली. बस बेटा."

समता बसली. ती वजनकाटा, पोतं आणि छत्री न्यायला आली होती. साडेअकराच्या बसने तिला मेहकरला परतायचं होतं. इथे आल्यावर रडू येईल असं तिला वाटलं होतं. ते आलं नाही. पोत्याचा ताग पायाला टोचत होता, तेवढं कळत होतं.

"आज पालिकेचा माणूस येऊन राह्यला," फातिमा म्हणाली. "नव्या शेडमंधल्या ओट्याईची यादी करते म्हणे. कार्डवाली जाग्यावर बसली असंल तर ओटा. नाही तर नाव कट."

"मावशी, आईचं नाव तर आता कटणारच ना."

फातिमा आपल्या मालाकडे वळली. तिच्यापुढे लिंबं होती, हिरव्या मिरच्या होत्या. ती बसायची तो दीड हात खरं तर आईच्या जागेतलाच. अकरा वर्षांपूर्वी फातिमाचा नवरा वारला, तेव्हा आईने आपलं पोतं सरकवून तिला तो दिला होता. तिच्या नावाचं पालिकेचं कार्ड कधी निघालंच नाही. आईचं नाव कटलं की तो दीड हातही जाणार होता.

समोर लसूण विकणारा आमीर म्हणाला, "जो इचारते त्याले सांगतो, चहाले गेली. नऊ दिवसांत पन्नास चहा झाले महामायाबाईचे. जित्तेपणी कधी कोणाचा एक कप पेली नाही."

"चूप बस बे," फातिमा म्हणाली.

समता उगीच जुड्या नीट करू लागली. फातिमाने हात लांबवून चारही जुड्या फिरवल्या.

"मुळ्या आपल्याकडं. पाला गिऱ्हाइकाकडं. तुही माय असंच मांडे."

पालिकेचा माणूस आला तो रांगेच्या त्या टोकाकडून. तरणा होता, इथे नवा असावा. एकेका जागेपुढे थांबायचा, नाव घ्यायचा, कार्ड बघायचा, मोबाइलवर फोटो काढायचा. आईच्या जागेपुढे येऊन त्याने कागद बघितला.

"महामाया सरकटे?"

आमीरचा लसणाच्या काड्या कापणारा विळा थांबला. पलीकडच्या कांदेवालीने मान वळवली. समता अठरा वर्षं शाळेत शिकवत होती. दुसऱ्याच्या नावाला 'हजर' म्हटलं म्हणून तिने पोरांना वर्गाबाहेर उभं केलं होतं. तिने फातिमाकडे पाहिलं. फातिमा एका लिंबावरून फडकं फिरवत होती. त्याच लिंबावरून, पुन्हा पुन्हा.

"हाव," समता म्हणाली.

फातिमाने पोत्याखालून प्लास्टिकची पिशवी काढली आणि तिच्यातलं कार्ड त्याच्या हातात दिलं. कार्ड तेवीस वर्षांपूर्वीचं होतं. फोटोही तेव्हाचाच. रुंद कपाळ, ओठ मिटलेले. तो माणूस फोटोकडे पाहत राहिला, मग समताकडे.

"तुम्ही काहीच बदलल्या नाहीत."

"पालेभाजी खाते ना साहेब," आमीर म्हणाला.

 त्या माणसाने कागद पुढे केला, वर पेन ठेवलं. समताने पेन उचललं, टोपण काढलं. फातिमा खोकली. समताने कार्डाकडे पाहिलं. फोटोखाली सहीच्या जागी निळा अंगठा होता.

समता सहावीत असताना तिने आईला सही शिकवायला घेतली होती. दोन दिवस आई पाटीपुढे बसली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तू कर सह्या. एका घरात एक पुरे झाली."

समताने टोपण लावून पेन परत दिलं.

"शाई आहे का?"

त्याने पिशवीतून शाईची डबी काढली. समताने अंगठा शाईवर टेकवला, मग कागदावर. त्याने फोटो काढला आणि तो पुढच्या जागेकडे वळला.

भाजीवर शिंपडायच्या लोट्यातलं पाणी फातिमाने तिच्या अंगठ्यावर ओतलं. शाई फिकी झाली, गेली नाही.

"लई मोठं पाप झालं का बेटा?"

"माहीत नाही, मावशी."

तेवढ्यात एक म्हातारा हातात पिशवी घेऊन पोत्यापुढे येऊन उभा राहिला. देऊळघाटाहून दर आठवडी बाजाराला यायचा, असं त्याच्या बोलण्यावरून कळलं. मागचा बाजार त्याचा तापात गेला होता.

"महामाया कुठं गेली वं?"

आमीरने तोंड उघडलं. त्याच्या आधी समताच बोलली.

"चहाले गेली."

"मंग येऊ दे." म्हाताऱ्याने पिशवीची घडी केली, खाली ठेवली आणि तिच्यावर बसला. "मेथी मी तिच्याच हातची नेतो. थांबतो. मले काही घाई नाही."

बस सुटायला वीस मिनिटं होती. ऊन पोत्यापर्यंत आलं होतं. समताने लोटा घेतला आणि चारही जुड्यांवर पाणी शिंपडलं.