सहावा डबा

डबा पहिला. टिक. टिक. शांत.

निकिताने कागदावर खूण केली. इंदापूर तालुक्यातल्या त्या दूध संस्थेच्या ऑफिसात, दाराजवळच्या बाकावर, सहा बचत गटांच्या तुपाचे सहा डबे मांडले होते. तुपात किरणोत्सर्ग नसल्याचा दाखला परदेशातल्या गिऱ्हाइकाला हवा होता. त्यासाठीच ती किरणं मोजायचं यंत्र घेऊन बारामतीहून आली होती. आल्या आल्या तिने मोबाइल लांब ठेवायला लावले, एकाची विडी विझवली, आणि गेल्या दोन-चार दिवसांत किरणोत्सर्गी इंजेक्शन घेऊन स्कॅन केलेला कुणी असेल तर त्याने बाहेर थांबावं, असं सांगितलं.

"हाय का कुणी?" चेअरमन सर्जेरावांनी दरडावून विचारलं. कुणी जागचं हललं नाही.

डबा दुसरा. तिसरा. शांत.

सहावा डबा द्वारकाबाईंच्या गटाचा. तोच नापास झाला तर रविवारच्या निवडणुकीत सर्जेरावांच्या विरोधात कुठल्या तोंडाने उभं राहायचं? सर्जेरावआबा आता थकले, छातीत दुखतं त्यांच्या, अशी गावात कुजबुज होती. म्हणून सर्जेराव सकाळपासून दिसेल त्याला सांगत होते, काल नरसिंहपूरला गेलो, घाटाच्या पायऱ्या एका दमात चढलो.

चौथा. पाचवा. शांत.

तूप आधी वासावर पास करायची संस्थेची रीत. पाच डबे सेक्रेटरीने हुंगले. सहाव्याला मात्र सर्जेराव स्वतः खुर्चीतून उठून आले आणि डब्यावर ओणवे झाले. नाक तुपात बुडायचं तेवढं बाकी.

टिकटिकटिकटिकटिक.

"द्वारकाबाई, म्हशीला चारलं काय?" सर्जेरावांनी विचारलं.

"पेंड. तुमच्याच दुकानची हाय."

निकिताने पुन्हा मोजलं. आकडा बघायला सर्जेराव आणखी वाकले. यंत्र आणखी पेटलं. गटातली रेश्मा दोन पावलं मागं सरली. सकाळीच तिने याच तुपाची पोळी खाल्ली होती. सर्जेराव खुर्चीत जाऊन बसले आणि नापासाचं पत्र स्वतःच्या हाताने लिहायला लागले. 'किरणोत्सर्ग' कसा लिहायचा, तेवढं सेक्रेटरीला विचारलं.

द्वारकाबाईंनी डबा उचलला तो थेट बाहेर कडुनिंबाखाली नेला.

"हितं मोज, पोरी. त्या भिंतीतच काय आसंल तर कळू दे."

टिक. टिक. शांत.

तीनदा मोजलं. तिन्ही वेळा शांत. मग निकिता भिंत तपासायला यंत्र चालूच ठेवून आत गेली. मागोमाग द्वारकाबाई. डबा बाहेरच राहिला.

भिंत गप्प. बाक गप्प. टेबलापाशी यंत्र बोलायला लागलं, आणि खुर्चीपाशी त्याचं तोंड मिटेना.

सर्जेरावांचं पेन थांबलं.

"आबा," निकिता हळूच म्हणाली, "काल स्कॅन कुठं केला?"

"नरसिंहपूरला," द्वारकाबाई म्हणाल्या. "पायऱ्या चढून."